निमताना

घड्याळात ४.७६ आलं होतं.

फुग्यांच्या कमानीखालून आत आलो, बटण दाबलं, गुडघ्यांवर हात टेकले आणि तसाच वाकलेला असताना ते वाचलं. त्याच्या खाली वेळ होती, २९ मिनिटं ३८ सेकंद. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, चार वर्षं पळापळी केल्यावर, पाच किलोमीटर तीस मिनिटांच्या आत मारायचं एवढंच माझं मागणं होतं आणि ते मिळाल्याचं घड्याळ सांगत होतं. दुसऱ्या कुणी आधी वेळ वाचली असती, ओरडला असता, फोटो काढून घेतला असता. माझी नजर आधी अंतरावर गेली. भूमी अभिलेख खात्यात २८ वर्षं काढली की नजरेला तसं वळण लागतं. आकडा दिसला की तो किती कमी भरतोय हे आधी दिसतं.

खात्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझं पोट आणि माझं पळणं ही दोन्ही खात्याचीच देणगी. मी भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा मोजणी म्हणजे चालणं होतं. फलकयंत्र, तिपाई, साखळी, झेंड्या घेऊन दिवसभर बांधाबांधानं हिंडायचं. जुनी टिपणं शंकूसाखळीत लिहिलेली. ती ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. तासगावची द्राक्षं, जतचा माळ, कवठेमहांकाळच्या टेकाडांवरची खडकाळ रानं, सगळं पायाखालून गेलं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होत असतील. ते मात्र कुणी कधी मोजले नाहीत. मग ईटीएस यंत्र आलं, त्याच्यामागून रोव्हर. आता खांबावर टोपी घातल्यासारखं ते यंत्र धरून बांधाच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, उपग्रहांनी आपलं काम केलं की पुढच्या कोपऱ्यावर जायचं. दिवसाचं काम दोन तासांत. मोजणी अचूक झाली, माणूस जाड झाला. त्यात बढती मिळून मी निमतानदार झालो आणि टेबलाला चिकटलो.

निमताना हा शब्द खात्याबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. एखाद्याला आमची मोजणी मान्य नसली की तो अर्ज करतो, पैसे भरतो, आणि वरचा अधिकारी येऊन तीच जमीन पुन्हा मोजतो. ती निमताना मोजणी. तीही मान्य नसेल तर जिल्ह्याच्या अधीक्षकांकडं सुपर निमताना. घरात हा शब्द माझ्या बायकोनं केव्हाच उचललाय. मी बाजारातून आणलेली भाजी ती पुन्हा तोलते, तिला ती निमतानाच म्हणते.

एकोणपन्नासाव्या वर्षी साखरेचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सांगलीतल्या आमराई बागेत चालायला लागलो. तिथं रोज तीच माणसं, त्याच गप्पा, त्याच बाकावर तोच पेपर. महिनाभरानं कंटाळून एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत पळून बघितलं. छातीत भाता सुरू झाला, पण गंमत वाटली. मग दोन बाक, मग एक फेरी. टाच दुखली, सहा आठवडे बसून काढले, पुन्हा सुरू केलं. पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात गेलो. त्यात दोन डॉक्टर, एक हळदीचे अडते, एक निवृत्त मुख्याध्यापिका, कॉलेजातली चार पोरं आणि मी. या सगळ्यांची भाषा वेगळीच. पेस, पीबी, टेंपो, लाँग रन. 'काल किती केलं?' असं विचारलं की उत्तर किलोमीटरमध्ये द्यायचं असतं, हे कळायला मला आठवडा लागला.

शर्यत फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. विश्रामबागेतून सुरुवात, सांगली-मिरज रस्त्यानं मार्केट यार्डावरून पुष्पराज चौकाच्या अलीकडं जायचं, वळायचं, त्याच रस्त्यानं परत. साडेसहाची वेळ होती. पाहुणे सातला आले. तोपर्यंत स्टेजवरच्या मुलीनं आमच्याकडून तीन वेळा झुंबा करून घेतला. आरोग्यावर भाषण झालं, ते आरोग्यासाठी पहाटे चारला उठलेल्या माणसांना उभं करून ऐकवण्यात आलं. आमच्या ग्रुपातल्या मुख्याध्यापिका बाई, वय ६४, माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांची ही पहिलीच शर्यत. बिब लावायच्या चार पिनांपैकी एक त्यांच्याकडून पडली, ती मी शोधून दिली. 'तुमच्या हाताखालचे शिपाई कसे असायचे हो?' असं त्यांनी मला उगाचच विचारलं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी बोलायचं असतं.

अशा शर्यतीत पुढं कुणी उभं राहायचं यावर शाळकरी पोरांचा कायमचा हक्क असतो. शिट्टी झाली की ती गोफणीतून सुटल्यासारखी जातात आणि दोन-तीनशे मीटरवर बरगडीला हात लावून रस्त्याच्या मधोमध चालत असतात. त्यांना वळसे घालत घालत पहिला किलोमीटर गेला. मी ठरवलं होतं सुरुवातीला सहा मिनिटं वीस सेकंदांनी जायचं, गेलो सहा मिनिटं चारनी. नेहमीची चूक. चार वर्षांत मी तिच्यात काडीचीही सुधारणा केलेली नाही.

मार्केट यार्डाजवळ हळदीचा वास आला. फेब्रुवारीत नवीन हळद यायला लागलेली असते, आणि तिथून जाताना नाकात तो कोरडा, मातकट वास बसतो. एरवी गाडीवरून जाताना तो क्षणभरच येतो, पळताना मात्र पुरती दोनतीन मिनिटं पुरतो. तोंड उघडं असल्यामुळं जिभेवरसुद्धा येतो. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या शर्यतीतली मला नीट आठवणारी गोष्ट ती. बाकी सगळं पाय, श्वास आणि घड्याळ.

वळणावर एक निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलेलं होतं आणि शेजारी एक पोरगं हातात रबर बँड घेऊन उभं होतं. तुम्ही वळणापर्यंत आलात याचा पुरावा म्हणून तो बँड मनगटात घालायचा. मागं चहाची टपरी होती, आल्याचा वास येत होता. मी वळलो. आता सूर्य समोर. उलट बाजूनं येणाऱ्या बाई दिसल्या, त्यांनी हात केला, मी केला नाही. हात वर करायलाही त्यावेळी परवडत नव्हतं. २२० मधून वय वजा करायचा तो ठोकळेबाज हिशोब खरा मानला तर माझ्या हृदयाची मर्यादा १६७, आणि घड्याळ १७१ दाखवत होतं. शेवटच्या टप्प्यात शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांतली एक मुलगी मला मागं टाकून गेली. बारा वर्षांची असेल. जाताना 'काका, जोरात!' म्हणाली. मी जोरातच होतो.

आणि मग कमान, आणि ४.७६.

ग्रुपातली सगळी एकमेकांच्या मनगटात डोकावत होती. ४.७४, ४.७७, ४.७९. 'जीपीएस थोडं इकडंतिकडं होतं,' हे वाक्य मी पाच मिनिटांत चार जणांकडून ऐकलं. उपग्रहांशी माझा रोजचा संबंध. घड्याळाचा जीपीएस इकडंतिकडं होतो हे खरंच. आमच्या रोव्हरला दुरुस्तीचा संदेश मिळत असतो म्हणून तो दोन-चार सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो, घड्याळ मात्र काही मीटरनी डुलत असतं. पण डुलणारी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरते. शिवाय आपण पोरांना वळसे घालत, रस्त्याची बाजू बदलत पळतो, तेही अंतर त्यात पडतं. म्हणून मोकळ्या रस्त्यावर घड्याळ बहुतेक वेळा जास्तच दाखवतं. सगळ्यांचीच घड्याळं कमी दाखवत असतील तर घड्याळं दुरुस्तीला टाकायची गरज नाही. रस्ताच कमी आहे.

हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. तेवढ्यात बाई आल्या. ३८ मिनिटं आणि काही सेकंद. त्यांना चाळिसाच्या आत यायचं होतं. चेहरा लाल, पदक गळ्यात उलटं. त्यांच्याकडं तसलं घड्याळ नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं, 'तुमच्यात किती आलं? पाच झालं ना बरोबर?'

'पाचच्या आसपास,' मी म्हणालो.

आसपास! २८ वर्षांत मी हा शब्द एकाही कागदावर लिहिलेला नाही. पंचनाम्यात 'अंदाजे' चालतं, 'सुमारे' चालतं. मोजणीच्या नकाशावर असलं काही चालत नाही. बाई 'मग झालं तर' म्हणून केळी घ्यायला गेल्या.

सोमवारी ऑफिसात बातमी माझ्या आधी पोचली होती. पदक गळ्यात घातलेला फोटो बायकोनं स्टेटसला ठेवला होता, खाली २९:३८. पेढे मागितले गेले, मी आणले, सोबत भडंगही आणलं. माझ्याच टेबलाभोवती उभं राहून खात्यातली सात माणसं कमी भरलेल्या क्षेत्राचे पेढे खात होती आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मला तासगावकडचे एक आजोबा आठवले. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. भावकीतली वाटणी, हद्द कायम करायची मोजणी. म्हाताऱ्याच्या नावावर सातबाऱ्याला एक एकर. मोजलं तर ३७ गुंठे भरले. तीन गुंठे कुठं गेले याची कारणं डझनभर असतात. शेजाऱ्यानं दरवर्षी एकेक तास करून बांध कोरलेला असतो, ओढ्यानं कड घेतलेली असते, मूळच्या टिपणातच कुणीतरी आणा चुकलेला असतो. मी आकडा सांगितला. इतर लोक अशा वेळी शिव्या देतात, एकानं माझी तिपाई विहिरीत टाकली होती. आजोबा काहीच बोलले नाहीत. बराच वेळ रानाकडं बघत बसले आणि मग म्हणाले, 'जमीन हाय तेवढीच हाय साहेब. तुमी कागद बारका केलासा.'

तेव्हा मला त्यांची गंमत वाटली होती. चहा पिताना सहकाऱ्यांना ते वाक्य मी नक्कल करून सांगायचो. आता सोमवारी दुपारी, पेढ्याचा खोका रिकामा झाल्यावर, मी अगदी तेच म्हणत होतो. पळालो तेवढा पळालोच की. धाप खरी, १७१ खरं, पायातले गोळे खरे. कागद बारका झाला तर माझं काय गेलं?

पण जात होतं. 'तीसच्या आत' या दोन शब्दांसाठी मी चार वर्षं पहाटे उठलो होतो. बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ सालचं बर्मिंगहॅम आठवा. ३००० मीटर स्टीपलचेस, ८ मिनिटं ११.२० सेकंद, आणि सुवर्णपदक सेकंदाच्या पाच शतांशानं हुकलं. तो कुठं आणि मी कुठं, हे मला माहीत आहे. पण ज्या खेळात शतांश सेकंदानं पदकाचा रंग बदलतो, त्याच खेळाचं नाव घेऊन आम्ही जवळजवळ पाव किलोमीटर खिशात घालून घरी आलो होतो.

तसे आम्ही सांगलीकर मोजण्याच्या बाबतीत ढिले नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की गावात दुसरा विषय नसतो. 'आयर्विनला किती?' एवढंच विचारायचं, पुढचं फूट समोरच्यानं समजून घ्यायचं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. १९२९ साली बांधलेला पूल, आणि त्याच्यावरच्या आकड्यांशी अख्ख्या शहराची नाडी बांधलेली. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पोरंसोरं इंचाचा हिशोब सांगत होती. मग फेब्रुवारीतच आम्हाला आसपास का चालतं? (शंभर फुटी रस्त्याचं म्हणाल, तर तो शंभर फूट भरतो का हे मी कधी मोजलेलं नाही. शेजाऱ्यांशी संबंध ठेवायचे असतात.)

मंगळवारी आयोजकांपैकी एकाला फोन केला. गृहस्थ सभ्य होते. 'सर, फन रन आहे,' ते म्हणाले, 'एवढं काय मनावर घेता? लोक खूश आहेत.' लोक खूश होते हे खरंच होतं. आणि आमच्या खात्याचा नियम बघितला तर मला बोलायचा अधिकारही नव्हता. मोजणीला अर्ज लागतो, फी लागते, लगतच्या कब्जेदारांना नोटीस लागते. इथं अर्जदारच नव्हता. ज्यांची जमीन कमी भरली होती त्यांना ती पुरी वाटत होती.

रात्री मी रस्त्यावरच्या शर्यती कशा मोजतात ते वाचत बसलो. इतकी वर्षं पळून हे वाचलं नव्हतं याची लाज वाटली. सायकलनं मोजतात! पुढच्या चाकाला एक छोटा मोजक बसवतात, जोन्स काउंटर म्हणतात त्याला. आधी पोलादी टेपनं एक सरळ तुकडा काटेकोर आखून घ्यायचा, त्यावर सायकल चालवून किती आकडे पडतात ते बघायचं, मग मार्ग मोजायचा, आणि मोजून झाल्यावर पुन्हा त्याच तुकड्यावर येऊन तपासायचं, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि चाक मोठं होतं. वळणावर दुभाजकाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून चालवायची, म्हणजे सगळ्यात जवळची वाट धरून. आणि इतकं करूनही दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा घालायचा. पाच किलोमीटरची शर्यत ५००५ मीटर आखायची. चूक झालीच तर ती पळणाऱ्याच्या पदरात कमी टाकणारी नको. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. इतकी सज्जन मोजणी मी नोकरीत बघितलेली नाही. आम्ही देणाऱ्याच्याही बाजूला नसतो आणि घेणाऱ्याच्याही.

मँचेस्टरचंही वाचलं. तिथल्या मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी होता. मोजणाऱ्याची पहिल्या तपासणीतच चूक झाली होती. २०१६ मध्ये ते जाहीर केलं, आणि हजारो लोकांच्या वेळा रद्द झाल्या. त्यांच्यात तीन तासांच्या आत, चार तासांच्या आत येऊन रडलेले किती असतील. मला त्या चुकलेल्या मोजणाऱ्याचंच जास्त वाईट वाटलं. आमच्या धंद्यात चूक पंधरा वर्षांनीही दार वाजवते.

पुढच्या रविवारी पहाटे पाच वाजता मी माळ्यावरून ३० मीटरची पोलादी टेप काढली.

'मी पण येते,' बायको म्हणाली. 'एकट्याला टेप धरता येत नाही, एवढं मलाही कळतं.'

विश्रामबागेत कमान होती तिथून सुरुवात केली. ती शून्याचं टोक धरणार, मी पुढं जाऊन ताण देणार, खडूनं रेघ मारणार, ती रेघेवर येणार. पहिल्या दहा-बारा टेपा ती टोक जरा उचलून धरत होती. मी ओरडलो तशी तीही ओरडली, मग जमलं. रस्ता मोकळा होता, दुधाच्या गाड्या आणि पेपरवाले सोडून कुणी नाही. थंडी होती, पंधराएक अंश असावं. टेप वीस अंशाला बरोबर असते, म्हणजे दर टेपेला पावणेदोन मिलिमीटरचा फरक. शेवटपर्यंत चौदा-पंधरा सेंटिमीटर झाले असते. ते सोडून दिले. माणसानं कुठंतरी थांबावं.

सहाच्या सुमारास फिरायला येणारे सुरू झाले. रस्त्याच्या कडेला सरकारी दिसणारा माणूस टेप ताणतोय म्हटल्यावर सांगलीच काय, कुठल्याही गावाचा श्वास अडकतो.

'रुंदीकरण का?'

'न्हाई हो.'

'मग कुठली बाजू जाणार?'

मी शर्यतीचं सांगितलं. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि वीस पावलांवर जाऊन फोन काढला. पुढच्या चौकात दोघंजण आमची वाट बघत उभे होते. त्यातल्या एकानं मला ओळखलं. कधीतरी त्याच्या आतेभावाची मोजणी मी केली होती. 'साहेब सोता आल्यात म्हंजे मोठं काम दिसतंय,' तो दुसऱ्याला म्हणाला. मी शर्यतीचं पुन्हा सांगितलं, तर तो माझ्याकडं बघून असा हसला की पुढं मी कुणालाच काही सांगितलं नाही. एका दुकानदारानं तर आम्ही जवळ यायच्या आत पायरीवरची फळी उचलून आत नेली.

चहाच्या टपरीवाल्यानंही आम्हाला बघितल्याबरोबर बाकडं दोन फूट मागं ओढलं. त्याला समजावून दोन चहा सांगितले आणि पिंपाचं विचारलं.

'त्या दिवशीचं व्हय? हितंच ठेवलं की त्या पोरांनी. ह्या बाकड्यावर बसून च्या प्याली, बँड वाटलं. लई थंडी हुती.'

अठ्ठ्याहत्तर टेपा आणि वर २१ मीटर. २३६१. दुप्पट केले तर ४७२२. म्हणजे २७८ मीटर कमी. मनात हिशोब केला. त्याच चालीनं पाच पुरे केले असते तर ३१ मिनिटं २३ सेकंद. गेल्या वर्षी आमराईत मोजून पळालो होतो ते ३१:५०. सत्तावीस सेकंद कमावले होते म्हणायचे, पण तिसाच्या आत नव्हे.

टेप गुंडाळायला घेतली तेव्हा बायको पुढं बोट दाखवून म्हणाली, 'ते काय आहे?'

डांबरावर पिवळा रंग. दुभाजकाजवळ आखलेली एक ठसठशीत रेघ, शेजारी बाण आणि '२.५'. आठवड्याच्या वाहतुकीनं पुसट झालेली, तरी स्पष्ट. आम्ही तिथवर टेप नेली. ती टपरीपासून १४२ मीटरवर होती. २३६१ आणि १४२, म्हणजे २५०३.

मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. अडीच किलोमीटरला दर किलोमीटरमागं एक मीटर धरला तर अडीच मीटर जास्तीचे होतात, २५०२ मीटर ५० सेंटिमीटर. रेघ २५०३ वर होती. हे काम करणारा जो कुणी होता त्याला काम येत होतं. चाकाची हवा तपासली असेल, दुभाजकापासून ३० सेंटिमीटर सांभाळले असतील, पळणाऱ्याला कमी पडू नये म्हणून पदरचं घातलं असेल. बहुतेक रात्री आला असेल, गाड्या कमी झाल्यावर. मग सकाळी पोरांना थंडी वाजली आणि त्यांनी पिंप चहाजवळ ठेवलं. आठवडाभर मी ज्यांना मनात बोल लावत होतो, त्यांच्यापैकी निदान एका माणसाची मला मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. त्याला भेटलो असतो तर टेप कुठल्या कंपनीची वापरतोस, एवढंच विचारलं असतं.

'बाईंना सांगणार?' बायकोनं विचारलं.

'बघू.'

'त्या परवा देवळात भेटल्या होत्या. पदक नातवाला दिलंय म्हणाल्या. शाळेत घेऊन गेला होता तो.'

मी काही बोललो नाही. टेपेला धूळ लागली होती. ती तेलाच्या फडक्यानं पुसत पुसत गुंडाळावी लागते, नाहीतर गंजते. हे तिला एव्हाना मी दोनदा सांगून झालं होतं. तिनं फडकं माझ्या हातातून घेतलं.

'किती राहिलं म्हणालात पळायचं? २७८?'

'हो.'

'मग आत्ताच पळून टाका. मी टेप गुंडाळते.'

मी खाली बघितलं. पायात चपला होत्या.